कोसोलाची बोली

झोरा नील हर्स्टन हे नाव आपल्याकडच्या वाचकांच्या फारसे ओळखीचे नाही. असण्याचे कारणही नाही. तिच्या स्वतःच्या देशात ती विसरली गेली होती. अमेरिकेतल्या ह्या कृष्णवर्णीय कादंबरीकर्त्रीचा मृत्यू १९६० साली फ्लॉरिडा प्रांतात, निराधारांच्या आश्रमगृहात झाला. तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. पुढे १९७३ साली ॲलिस वॉकर ह्या तरुण लेखिकेने गवतातून वाट काढीत ते थडगे शोधले आणि त्यावर दगड बसविला. तेव्हापासून हर्स्टनबाईंच्या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या जाऊ लागल्या. परंतु त्यांचे एक पुस्तक त्यानंतरही पंचेचाळीस वर्षे एका विद्यापीठाच्या दप्तरात पडून राहिले. १९३१ साली लिहून पुरे झालेले ते पुस्तक २०१८ साली छापले गेले. त्याचे नाव ‘बराकून’. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जहाज येईपर्यंत पकडलेली माणसे ज्यात कोंडून ठेवीत, त्या जागेला हा शब्द होता. आपला ‘कोंडवाडा’ हा शब्द त्याला चपखल बसतो. फरक एवढाच की आपल्या कोंडवाड्यातली जनावरे दंड भरून सोडविता येत असत.

पुस्तकाचा नायक एक म्हातारा आहे. अमेरिकेत त्याला कुजो लुईस म्हणत. त्याचे खरे नाव कोसोला. तो आजच्या बेनिन देशातल्या एका गावचा. एकोणीस वर्षांचा असताना दाहोमीच्या राजाच्या सैन्याने भल्या पहाटे त्याच्या गावावर घाला घातला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना कापून काढले आणि धडधाकट माणसांना समुद्रकाठी नेऊन विकले. ही गोष्ट १८६० ची. परदेशातून गुलाम आणण्यास अमेरिकेत १८०८ पासूनच कायद्याने बंदी होती. तरीही अलाबामा प्रांतातल्या मोबील शहरी टिमथी मीअर नावाच्या एका श्रीमंत जहाजमालकाने पैज मारली म्हणतात, की सरकारच्या नाकावर टिच्चून मी गुलाम आणून दाखवितो. त्याने ‘क्लोटिल्डा’ नावाचे जहाज विल्यम फॉस्टर ह्या कप्तानाच्या हवाली केले. सुमारे ११० माणसे घेऊन ते जुलै १८६० मध्ये परतले. माणसे रातोरात उतरविली आणि पुरावा नको म्हणून जहाज पेटवून दिले. ह्या पराक्रमाबद्दल तुरुंगात कोणी गेले नाही.

हर्स्टनबाई कोसोलाला प्रथम भेटल्या १९२७ साली. तो तेव्हा ऐंशीच्या घरात होता, एकटा होता, आणि मोबीलच्या उत्तरेस आपल्या लोकांनी वसविलेल्या आफ्रिकाटाउन ह्या वस्तीत राहत होता. त्यांनी त्याची हकीकत त्याच्याच शब्दांत उतरून घेतली. वायकिंग ह्या प्रकाशनसंस्थेला ती हकीकत आवडली. मात्र त्यांची एक अट होती: ह्या अडाणी बोलीऐवजी भाषा नीट, शुद्ध इंग्रजी करा, म्हणजे छापू. बाईंनी नकार दिला. पैशाची त्यांना गरज नव्हती असे नाही. एका धनिक बाईच्या मदतीवर त्यांचे संशोधन चालले होते. पण त्या हटल्या नाहीत आणि पुस्तक ८७ वर्षे अडून राहिले.

आता प्रश्न असा की, हा हट्ट वाजवी होता काय? मुलांच्या वह्यांवर लाल शाई चालविण्यात ज्याचा जन्म जातो, अशा माझ्यासारख्या शाळामास्तराला प्रकाशकाची बाजू समजते. पुस्तक वाचायला अवघड आहे. शब्दांची शेपटे वाढलेली, व्याकरणाचे सांधे निखळलेले. दोन-चार पाने वाचकाला अडखळत जावे लागते. परंतु ती पाने ओलांडली की कानाला सवय होते आणि मग ध्यानात येते, की ह्या माणसाचे चरित्र त्याच्या बोलण्याच्या घडणीतच आहे. ज्याला आपली भाषा येत होती, तिच्यातले विनोद, शिव्या, नात्यांची नावे सारे येत होते, अशा उमद्या पोराला परक्या मुलखात आणून टाकले आणि हुकूम पाळता येण्यापुरते इंग्रजी त्याच्या हाती दिले. साठ-पासष्ट वर्षे त्याने तेवढ्या ऐवजावर संसार केला. बायकोशी प्रेम, मुलांचे मरण, देवाची प्रार्थना, सगळे त्यातच. कालचे आणि आजचे त्याच्या तोंडी पुष्कळदा एकाच क्रियापदात येतात. गावावरच्या घाल्याबद्दल तो बोलतो तेव्हा तो घाला आत्ता चाललेला असतो. शुद्ध भूतकाळात ती वाक्ये लिहिली असती तर ती इतिहासाच्या पुस्तकात शोभली असती. म्हाताऱ्याच्या ओसरीवरून मात्र ती उठून गेली असती.

ह्या पुस्तकाचे मराठी करायचे म्हटले तर काय होईल, हा विचार कादंबरीकार म्हणून मनात आल्यावाचून राहिला नाही. आपल्याकडे अनुवादक अशा वेळी एखादी गावाकडची बोली काढून पात्राच्या तोंडी घालतात. इथे ते चालणार नाही. कोसोलाची भाषा खेड्यातल्या माणसाची नव्हे. खेड्यातल्या माणसाला त्याची बोली आईकडून मिळालेली असते. कोसोलाची ही बोली मालकाकडून मिळालेली होती. आईची भाषा त्याच्यापाशी होती, पण ती बोलायला शेवटी माणूसच उरले नव्हते. पहिल्याच भेटीत बाईंनी त्याला कुजो न म्हणता कोसोला म्हणून हाक मारली, तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांना पाणी आले. ते पाणी कोणत्या मराठीत उतरवायचे ते मला सुचलेले नाही.

लेखिकेने स्वतःला किती मागे ठेवले आहे हे पाहण्यासारखे आहे. बाईंना घाई असते. त्यांना त्याची स्वतःची हकीकत हवी असते. तो सुरुवात करतो आजोबापासून. बाईंनी जरा आवरते घ्या असे सुचविले की तो त्यांनाच दटावतो: आजा सांगितल्याशिवाय, बाप सांगितल्याशिवाय मुलाची गोष्ट सांगायची हा कुठला रिवाज? आपल्या आजी-आजोबांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हा राग ओळखीचा वाटेल. एखादे दिवशी तो बोलतच नाही. आज बागेत काम आहे, आज देऊळ झाडायचे आहे (तो चर्चमध्ये झाडलोट पाहत असे), जा आता. बाई निमूटपणे परत जातात. कधी त्याच्यासाठी पीच घेऊन येतात, कधी कलिंगड आणून दोघे मिळून फस्त करतात आणि त्या दिवशी एक अक्षरही लिहिले जात नाही. घाल्याची गोष्ट सांगताना, मारलेल्या माणसांची मुंडकी शिपायांनी बरोबर घेतली होती इथपर्यंत तो येतो आणि थांबतो. बाईंना दिसते, की म्हातारा आता ह्या ओसरीवर नाही. त्या हलकेच उठून निघून जातात. आजच्या काळात मुलाखत घेणारा असता तर त्याने त्याच क्षणी यंत्र पुढे सरकवले असते.

अर्थात सगळेच वाखाणण्यासारखे आहे असे नव्हे. ह्याच भेटीवर बाईंनी १९२७ साली एका नियतकालिकात लेख लिहिला होता, आणि त्यातला बराचसा मजकूर एमा लँग्डन रोश ह्या बाईंच्या १९१४ च्या पुस्तकातून उचललेला होता. ही गोष्ट १९७२ साली उजेडात आली. ‘बराकून’च्या संपादिका डेबोरा प्लांट यांनी ती झाकलेली नाही, हे योग्य झाले. मला वाटते, पहिल्या खेपेला बाईंना म्हातारा बोलता करता आला नाही आणि वेळेवर लेख द्यायचा होता. दुसऱ्या खेपेस त्या तीनेक महिने जाऊन-येऊन राहिल्या. ज्या पुस्तकात त्यांनी म्हाताऱ्याचा एकेक शब्द जपला, ते त्या उचलेगिरीनंतरचे आहे हे विसरू नये.

‘शेवटचा’ हा शब्दही जपून घ्यावा लागतो. कोसोला १९३५ मध्ये वारला आणि त्या जहाजावरचा शेवटचा माणूस म्हणून तो प्रसिद्ध झाला. पण हॅना डर्किन ह्या संशोधिकेने अलीकडे दाखवून दिले, की त्याच जहाजावरच्या रेडोशी १९३७ पर्यंत आणि माटिल्डा मॅक्रिअर १९४० पर्यंत हयात होत्या. दोघीही स्त्रिया. त्यांच्या ओसरीवर कलिंगड घेऊन तीन महिने कोणी जाऊन बसले नाही.

आणखी एक गोष्ट बाईंनी लपविली नाही, आणि ती त्यांच्याच लोकांना रुचण्यासारखी नव्हती. कोसोलाला पकडणारे आणि विकणारे आफ्रिकेचेच होते; मोबीलला आल्यावर त्याच्या मुलांना रानटी म्हणून हिणवणारेही काळेच होते. ह्यामुळे गोऱ्या मालकाचा अपराध तसूभर कमी होत नाही. पण दुःखाची वाटणी नेहमी रंगाप्रमाणे होत नाही हे ह्या पुस्तकात जितके स्वच्छ दिसते तितके भाषणांतून दिसत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो जमिनीचा प्रसंग. एप्रिल १८६५ मध्ये हे लोक मुक्त झाले. बातमी कशी कळली? नदीकाठी शिपाई तुतीची फळे तोडून खात होते, त्यांनी सांगितले की तुम्ही आता कोणाचे नाही. मग जायचे कुठे? ते शिपायांना ठाऊक नव्हते. परत आफ्रिकेस जावे तर पैसा नाही. तेव्हा सर्वांनी कोसोलाला पुढे केले. तो लाकूड तोडीत असता मीअर येऊन एका पडलेल्या झाडावर बसला. कोसोलाने विचारले: तुम्ही आम्हांला घरातून, जमिनीवरून उचलून आणले, आता इथे थोडी जमीन द्याल काय? मीअर भडकला. मी माझ्या गुलामांना चांगले ठेवले, त्यांचे माझ्यावर काही देणे नाही, अशी त्याची भाषा. पुढे ह्या लोकांनी लाकडाच्या गिरणीत राबून, बायकांनी भाजी विकून, अर्धपोटी राहून पैसा जमविला आणि जमीन विकत घेतली. त्याच मीअरकडून, एक पैचीही सूट न मिळता. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा ही वस्ती नुकती कुठे मूळ धरीत होती. कायद्याने दिलेली मुक्ती आणि पायाखालची जमीन ह्यांतले अंतर किती असते, ते त्या दोन साध्या माणसांच्या संवादात आहे.

पुढचा भाग वाचवत नाही. सहा मुले झाली. प्रत्येकाला एक आफ्रिकेचे नाव आणि एक अमेरिकेचे. सहाही बापाआधी गेली. मुलगी आजाराने गेली, एका मुलाला पोलिसाच्या हाताखालच्या माणसाने गोळी घातली, एक आगगाडीखाली सापडला, एक घरातून गेला तो परतलाच नाही. १९०८ मध्ये बायको गेली. त्याला स्वतःलाही आगगाडीने उडविले होते. न्यायालयाने ६५० डॉलर भरपाई सांगितली, म्हाताऱ्याच्या हाती त्यातले काही पडले नाही. बाई त्याचे छायाचित्र काढायला गेल्या तेव्हा तो घरातून ठेवणीतला पोशाख करून आला, पण पायांतले जोडे काढून. आफ्रिकेत असल्यासारखे दिसायचे होते त्याला. आणि छायाचित्र काढायचे ते बायकोमुलांच्या थडग्यांमध्ये उभे राहून.

२०१९ साली मोबील नदीच्या गाळात ‘क्लोटिल्डा’चा सांगाडा सापडल्याचे जाहीर झाले. पुरावा जाळून नष्ट करण्याचा मीअरचा बेत तेवढ्यापुरता तरी फसला.

पुस्तक मिळाल्यास वाचकांनी प्रस्तावना आणि उपोद्घात आधी वाचू नयेत. ते जाडजूड आहेत आणि माहितीने भरलेले आहेत, पण म्हातारा त्यांत अजून बोलायला लागलेला नाही. सरळ पहिल्या भेटीचे प्रकरण उघडावे, शक्य तर मोठ्याने वाचावे. ही बोली डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते. पुस्तकाच्या शेवटी कोसोलाने सांगितलेल्या काही गोष्टी आहेत आणि स्मरणशक्तीचा एक पोरखेळ आहे, तो त्याच्या लहानपणी गावात खेळत. सुट्टीत घरी मुले जमली असतील तर त्यांना तो खेळ शिकवून पाहावा.