संहितेबाहेरचे नाटक

प्रा. म. भि. चिटणीस यांच्या ‘युगयात्रा’चा प्रयोग १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाला. पुढच्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या निमित्ताने तेच नाटक जनसागरापुढे आले. संहिता एकच, परंतु महाविद्यालयात जे विद्यार्थ्यांचे नाटक होते, ते नागपुरात जुना धर्म टाकण्यास निघालेल्या समाजापुढे त्याच्याच निर्णयाची कैफियत ठरले. केवळ छापील संहितेवर बेतलेल्या पदव्युत्तर प्रबंधात हा फरक नोंदवावयास जागाच नसते. कथानक, पात्रे, संवाद, भाषाशैली अशी ठरीव प्रकरणे भरली की अभ्यास संपला असे मानले जाते. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

आंबेडकरी जलशाच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. जलशाची गण, गवळण, बतावणी, वग अशी चिरफाड करून ‘सुधारलेला तमाशा’ असा शिक्का मारणे सोपे आहे. वस्तुतः गणातील देवाचे स्तवन गेले आणि त्या जागी बाबासाहेबांना वंदन आले, तेव्हा रंगमंच व प्रेक्षक यांचे नातेच पालटले. श्रोता रसिक राहिला नाही, तो चळवळीचा माणूस झाला. रससिद्धान्ताच्या मापाने हे मोजता येणार नाही. भीमराव कर्डक यांचा ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ (१९७८) हा ग्रंथही अभ्यासकाने नुसता संहितासंग्रह म्हणून नव्हे, तर स्वतः जलसा उभा करणाऱ्याची साक्ष म्हणून वाचावा, आणि साक्षीला उलटतपासणीही करावी. आदराने तपासणी वर्ज्य ठरत नाही. कालाम सुत्ताचे वाचक तरी तसे म्हणणार नाहीत.

बौद्ध नाट्यपरंपरेने हा धडा एकदा घेतला आहे. अश्वघोषाच्या ‘शारिपुत्रप्रकरणा’चे ताडपत्री तुकडे मध्य आशियात सापडले व ल्यूडर्स यांनी ते १९११ मध्ये प्रसिद्ध केले. तुकडे हाती लागले. पण ते नाटक कोणी, कोणापुढे, कसे केले, हे सांगणारा कोणीही उरला नव्हता.

बुलढाणा जिल्ह्यात तशी वेळ अजून आलेली नाही. हा जिल्हा ज्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो, ते गाडगेबाबांचे नाव धारण करते. आणि बाबांच्या कीर्तनाचा प्राण तर श्रोत्यांना विचारलेल्या प्रश्नांत होता. मेहकर, चिखली, लोणारकडील विद्यार्थ्याने ग्रंथालयाआधी आपल्या गावच्या बौद्धवाड्यात बसावे. जलसा कोठे उभा राही, उजेड कशाचा असे, स्त्रिया कोठे बसत, कोणत्या पदाला लोक उठून उभे राहत, हे विचारावे. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने प्रबंधात घालावे. १९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे.