भूमीत मिटलेली वास्तू : जायंट्स कॉजवे येथील अभ्यागत केंद्र

निसर्गाच्या विख्यात स्थळी नवी वास्तू उभारणे ही वास्तुकाराच्या विवेकाची कसोटी होय. अशा ठिकाणी लोक वास्तू पाहण्यास येत नाहीत. तरीही वाहनतळ, तिकीटघर, उपाहारगृह आणि प्रदर्शन यांवाचून मोठ्या जनसमुदायाची सोय होत नाही. उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम परगण्याच्या किनाऱ्यावर, ‘जायंट्स कॉजवे’ या स्थळी, जुलै २०१२ मध्ये खुले झालेले अभ्यागत केंद्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तेथे लाव्हारस पसरला. तो थिजताना आकुंचन पावला, त्यास तडे गेले, आणि ते खोलवर उतरत जाऊन बेसॉल्टचे सुमारे चाळीस हजार स्तंभ निर्माण झाले. त्यांतील बहुसंख्य षट्कोनी आहेत. लोककथेने त्यांना फिन मॅक्कूल या राक्षसाने स्कॉटलंडकडे बांधलेला सेतू ठरविले. १९८६ मध्ये या स्थळास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील पूर्वीचे केंद्र २००० मध्ये आगीत नष्ट झाले. पुढे २००५ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत डब्लिनच्या हेनेगन पेंग या वास्तुकारांचा आराखडा निवडला गेला.

या आराखड्याचे मर्म दर्शनी भागात नसून छेदात आहे. वास्तुकारांनी डोंगरकडेच्या भूमीस जणू दोन घड्या घातल्या. एक घडी वर उचलली, तिच्या पोटात केंद्र सामावले. दुसरी खाली दाबली, तिच्यात वाहनतळ दृष्टिआड झाला. केंद्राचे छप्पर गवताचे आहे, आणि त्यावर चालत जाऊन पाहुण्यास किनारा न्याहाळता येतो. आतील जमीन उताराच्या कलाने पातळ्या बदलते, आणि छतातील लांबट काचपट्ट्यांतून उजेड खाली येतो. इमारत भूमीवर ठेवलेली वाटत नाही, भूमीचीच एक हालचाल वाटते. हे यश निर्विवाद होय. २०१३ च्या स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत या वास्तूचा समावेश झाला, तो यथोचितच म्हटला पाहिजे.

दर्शनी भिंतीविषयी मात्र मतभेदास जागा आहे. स्थानिक काळ्या बेसॉल्टचे उंच स्तंभ असमान अंतराने उभे करून आणि मध्ये काच बसवून ती रचली आहे. येथे असा आक्षेप घेता येईल की, खरे स्तंभ पाहण्यापूर्वीच पाहुण्यास त्यांची प्रतिकृती दाखविण्याचे कारण काय? मूळ दगड केंद्रापासून सुमारे एक किलोमीटर दूर, कड्याखाली आहेत. आश्चर्याचा पहिला क्षण त्यांचाच असावयास हवा. या आक्षेपास अंशतः उत्तर आहे. भिंतीचे स्तंभ षट्कोनी नाहीत. ते यंत्राने कापलेल्या, सरळ कडांच्या दगडांचे आहेत. निसर्गाचा स्तंभ अखंड राशी भंगून होतो, वास्तूचा स्तंभ दगडावर दगड रचून होतो, आणि हा भेद वास्तुकारांनी लपविलेला नाही. तथापि ज्या वास्तूने छेदात इतका संयम पाळला, तिने दर्शनी भागात उपमेचा मोह धरावा, ही विसंगती उरतेच. घड्यांची कल्पना स्वयंपूर्ण होती. तिला अलंकाराची गरज नव्हती.

याहून गंभीर प्रश्न प्रवेशाचा आहे. दगडांपर्यंत पायी जाण्यास शुल्क नाही. शुल्क आहे ते केंद्राच्या व वाहनतळाच्या सोयींचे. परंतु नव्याने येणाऱ्या पाहुण्याच्या डोळ्यांत भरते ती काचेची भव्य भिंत आणि तिच्यातील दार. मुक्त वाट बाहेरून जाते आणि ती शोधावी लागते. ज्याला वास्तुरचनेने महत्त्व दिले, तेच पाहुण्यास स्थळाचे महाद्वार वाटते. भूमीपुढे नम्र असलेली वास्तू पाहुण्यापुढे तितकी नम्र नाही, असा निष्कर्ष येथे काढावा लागतो.

महाराष्ट्रातील अभ्यासकास हा विचार परका नाही. दख्खनचे पठार बेसॉल्टचेच आहे. वेरूळचे कैलास हे तर पाषाण रचून नव्हे, कोरून काढून सिद्ध झालेले शिल्प होय. तेथे वास्तू आणि भूमी हे द्वैतच उरत नाही. उलट मुंबईत अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी पाहावी. सुमारे साठ मीटर उंचीचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो स्तंभाकृती बेसॉल्ट आज चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेला आहे. तेथे वास्तूने दाखविलेल्या संयमाचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण संयमासाठी मोकळी जागाच राखली गेली नाही.

अभ्यागत केंद्राचे मूल्यमापन म्हणूनच दोन कसोट्यांवर करणे इष्ट ठरते : वास्तूने भूमीस किती जागा सोडली, आणि तेथवर जाणाऱ्या माणसास वाट किती मोकळी ठेवली. जायंट्स कॉजवेचे केंद्र पहिल्या कसोटीस उत्तम उतरते. दुसरीस ते अर्धेच उतरते.