गुरुदत्तांचे सिंहावलोकन

२०२५ च्या श्रावण पौर्णिमेस, म्हणजे ९ ऑगस्टला, राखीचा सण सकाळीच आटोपून आम्ही सौंसरहून नागपूर गाठले. गुरुदत्त शिवशंकर पदुकोण यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे चित्रपट ८ ते १० ऑगस्ट असे तीन दिवस देशभरच्या अडीचशेहून अधिक चित्रगृहांत दाखविले जात होते. ‘बाज’ (१९५३), ‘आरपार’ (१९५४), ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५), ‘प्यासा’ (१९५७) आणि ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) असे ते पाच चित्रपट. जुन्या प्रतींवरील धूळ-ओरखडे काढून त्या पुन्हा पाहण्याजोग्या केलेल्या होत्या. यातील दोन आम्ही त्या दिवशी पाहिले. उरलेले पूर्वीच पाहिलेले होते.

गुरुदत्तांचे नाव निघाले की आपल्या मंडळींच्या मुखावर एक तेज चढते. चित्रापूर सारस्वत घराणे, घरात कोंकणी, म्हणून ‘तो आमगेलो’ असे म्हणावयास कोणी चुकत नाही. या उद्गारातील आनंद आम्हांस समजतो. परंतु आम्ही सीमेवरची माणसे आहोत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, २०२३ पासून आम्ही पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी बोलतो. माणूस नेमका कोणाचा, हा प्रश्न एका शब्दात सुटत नाही, हे आम्ही रोज अनुभवतो. गुरुदत्तांचा जन्म ९ जुलै १९२५ रोजी बंगळूरचा, बालपण कलकत्त्याचे, नृत्याचे शिक्षण अल्मोड्यास उदयशंकरांच्या केंद्रात, आणि चित्रपटाची उमेदवारी पुण्यास ‘प्रभात’मध्ये. तेथे ‘लाखारानी’च्या वेळी ते ज्यांचे साहाय्यक होते, ते विश्राम बेडेकर म्हणजे ‘रणांगण’कार. आणि ज्या भाषेत त्यांनी कीर्ती मिळविली ती ना कोंकणी, ना बंगाली, ना मराठी. मग ‘आमगेलो’ म्हणावयाचे ते कशाच्या बळावर? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्यांच्याच एका चित्रपटात सापडले. पण ते सांगण्यापूर्वी दोन गोष्टी बोलणे प्राप्त आहे.

पहिली गोष्ट अशी, की १० ऑक्टोबर १९६४ च्या अकाली मृत्यूने गुरुदत्तांचे एक ठरावीक चित्र लोकमानसात कोरले गेले आहे: उदास, एकाकी, जगाने न ओळखलेला कलावंत. या पाच चित्रपटांकडे एकत्र पाहिले असता ते चित्र अपुरे ठरते. ‘आरपार’मधला टॅक्सीवाला, गॅरेजचा मालक, त्याच्या हाताखालचा पोऱ्या, जो तो आपापल्या गल्लीची भाषा बोलतो, हे अब्रार अल्वी यांच्या संवादांचे यश. गाणे तेथे कथेला थांबवून येत नाही, बोलता बोलता सुरू होते आणि कथेलाच पुढे नेते. व्ही. के. मूर्ती यांच्या छायाप्रकाशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण एवढा नेमका विनोदही याच माणसाला साधत होता, हे विसरले जाते. दुसरे असे, की ‘चौदहवीं का चाँद’ची निर्मिती व मुख्य भूमिका गुरुदत्तांची असली तरी दिग्दर्शन एम. सादिक यांचे आहे. ‘कागज के फूल’ (१९५९) हा आपला पहिलाच सिनेमास्कोप चित्रपट आर्थिकदृष्ट्या कोसळल्यावर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा आपले नाव लावले नाही. दिग्दर्शकाच्या कार्याचे सिंहावलोकन मांडताना एवढा भेद प्रेक्षकास स्पष्ट करून सांगितला पाहिजे.

आता ‘मिस्टर अँड मिसेस ५५’. बापाच्या मृत्युपत्रान्वये सत्तर लाखांची संपत्ती मिळावी म्हणून ठरावीक मुदतीत लग्न करणे भाग पडलेली अनिता, घटस्फोटाच्या बोलीवर आणलेला बेकार व्यंगचित्रकार प्रीतम, आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा गाजविणारी आत्या सीतादेवी. मधुबाला, स्वतः गुरुदत्त आणि ललिता पवार यांनी त्यात धमाल उडविली आहे, व्यंगचित्रे आर. के. लक्ष्मण यांच्या हातची. आम्ही मनसोक्त हसलो, हे प्रांजळपणे कबूल करतो. परतीच्या वाटेवर मात्र मन अस्वस्थ झाले. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अंमलात आला, आणि त्याच वर्षीच्या या चित्रपटात घटस्फोटाचा हक्क मागणारी बाई केवळ चेष्टेचा विषय आहे. प्रीतमची वहिनी तर चूल, मुले आणि प्रसंगी नवऱ्याचा मारही प्रेमाच्या पोटात घालून सुखी असते. तिला पाहून अनितेचे डोळे उघडतात! तालुक्याच्या न्यायालयात वकिली करताना आम्ही अशा वहिन्या पाहिल्या आहेत. मारलेल्या वळांवर पदर ओढून त्या बाकावर बसतात, आणि त्या कायद्यावाचून त्यांना दुसरा आसरा नसतो. दिग्दर्शक ‘आपला’ म्हणून या ठिकाणी डोळेझाक करणे आम्हांस पटत नाही. चित्रपट चतुर आहे, आणि या बाबतीत अन्यायी आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

‘प्यासा’च्या बाबतीत आमचा निर्णय निराळा. कवी विजय याच्या कविता त्याचे सख्खे भाऊ रद्दीत विकतात. त्या रद्दीवाल्याकडून विकत घेऊन वाचते ती गुलाबो, जिला सभ्य समाज दारात उभी करीत नाही. पुढे विजय मेला असे ठरते, पुस्तक निघते, आणि जिवंतपणी हिडीसफिडीस झालेल्या कवीचा जयजयकार सुरू होतो. येथून चित्रपट आम्हां वकिलांच्या प्रांतात शिरतो. विजय जिवंत आढळतो, तेव्हा प्रकाशक घोष, मित्र आणि भाऊ त्याला ओळख देण्याचे नाकारतात. कारण वारसाहक्क मृत्यूनंतरच उघडतो, आणि जिवंत माणूस हा वारसांच्या वाटेतला मोठाच अडथळा असतो! पुढे सौदा फिसकटताच तेच भाऊ त्याला हर्षभराने ओळखतात. साक्षीदाराचा हितसंबंध तपासल्यावाचून साक्ष मानू नये, हा आमच्या व्यवसायातला पहिला धडा गुरुदत्तांनी पडद्यावर इतक्या निर्दयपणे मांडला आहे, की कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाने हेवा करावा. योगायोग असा, की भारताचा स्वतःचा कॉपीराइट कायदाही त्याच १९५७ साली संमत झाला.

आणि मग ती स्मृतिसभा. स्वतःच्याच श्राद्धाला यावे तसा विजय सभागृहाच्या दारात उभा राहतो. मागून प्रकाश, दोन्ही बाहू पसरलेले. चित्रपटात दोष आहेत. विजयला स्वतःच्या दुःखाचे कौतुक थोडे अधिक आहे, आणि मीनेच्या बाजूने पटकथा न्याय करीत नाही. परंतु या प्रसंगापुढे ते दोष बोलून दाखविण्याचा धीर होत नाही. शताब्दीच्या खेळाला बसलेले आम्ही सारे त्या क्षणी पडद्यावरच्या सभेतलेच प्रेक्षक होऊन गेलो. मृताचा गौरव करावयास आम्हीही जमलो होतो, आणि दारात उभा असलेला तो चेहरा गुरुदत्तांचाच होता.

वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. विजयचे रक्ताचे नातलग त्याला विकतात, आणि त्याची खरी वारस ठरते ती त्याची वाचक. ‘आमगेलो’ म्हणण्याचा अधिकार कुळावरून येत नाही. तो गुलाबोप्रमाणे रद्दीतून कागद सोडवून वाचणाऱ्याला मिळतो. कायद्याचा कलही तिकडेच आहे. आपल्याकडे चित्रपटावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. गीत-संगीताचे हक्क निराळे. त्या हिशेबाने १९६० चा ‘चौदहवीं का चाँद’ २०२० अखेर सर्वांचा झाला. वारसा आता पाहणाऱ्याचा आहे.

म्हणून आपल्या मंडळींस आमची विनंती एवढीच, की हार घालून थांबू नये. मोठ्या शहरांत खेळ झाले, सौंसरसारख्या गावी ते पोचले नाहीत. तर दहा-पंधरा माणसांनी एखाद्या सभामंडपात किंवा घराच्या ओसरीवर बसून हे चित्रपट पाहावेत, आणि नंतर मोकळेपणे भांडावे. सुनांनी ‘मिसेस ५५’वर आपले मत द्यावे, सासूबाईंनी ते ऐकून घ्यावे. आणि आपल्याच एखाद्या घरी नोकरीचा अर्ज बाजूस सारून वहीत काही लिहीत बसलेला मुलगा असेल, चित्रे काढणारी मुलगी असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती वही रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकदा उघडून वाचावी.