कोळशांचा विस्तव
कोकणातून घाट चढून कोल्हापुरात येणारे सुके सोडे निखाऱ्यावर भाजले, की धुराचा वास घरभर रेंगाळतो आणि जुन्या आठवणी जागवतो. संत योहानांच्या कथनकलेचे मर्म येथेच आहे. कोळशांच्या विस्तवासाठीचा मूळ ग्रीक शब्द, ‘अन्थ्राकिआ’, नव्या करारात दोनदाच येतो व दोन्ही वेळा त्यांच्याच शुभवर्तमानात: 18व्या अध्यायात, जेथे शेकत उभा असलेला पेत्र प्रभूला नाकारतो, आणि 21व्या अध्यायात, जेथे पुनरुत्थित प्रभू विस्तवावर मासळी ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. आपली प्रवचने तीन नकार व तीन प्रश्न मोजतात, विस्तव मात्र विसरतात. त्यामुळे क्षमा केवळ हिशेब ठरते. योहानांचा प्रभू पेत्राला पुन्हा त्याच धुरापाशी आणतो आणि आधी जेवू घालतो, मगच प्रश्न विचारतो.