विज्ञानपटांतील शस्त्रे : कल्पित रूप आणि वास्तव आधार

प्रस्तावना
विज्ञानपट अपरिचित विश्वाविषयी बोलतो. परंतु त्यातील पात्रांच्या हातची शस्त्रे पुष्कळदा आपल्याच भूतकाळातून आलेली असतात. या शस्त्रांकडे सामान्यतः तांत्रिक चमत्कृती म्हणून पाहिले जाते. मूळ वस्तूचा इतिहास चित्रपटाच्या अर्थावर कोणता परिणाम करतो, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. 'स्टार वॉर्स' (१९७७) व 'एलियन्स' (१९८६) या चित्रपटांच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

'स्टार वॉर्स' : इतिहासाविना आकार
दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना चकचकीत नव्हे, तर वापरून झिजलेले विश्व हवे होते. त्यामुळे नेपथ्यसज्जा सांभाळणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांनी खऱ्या बंदुकांनाच सुटे भाग जोडले. हान सोलोचे शस्त्र म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत घडलेले माउझर सी-९६ पिस्तूल होय. साम्राज्याच्या सैनिकांची बंदूक ही ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन आहे. तिच्या नळीवरील आवरणात प्लास्टिकच्या पट्ट्या बसविल्या आणि वर दुर्बीण चढविली. हीच स्टर्लिंग कानपूर येथेही तयार झाली व भारतीय लष्कर आणि पोलीस यांच्या हाती 'कार्बाइन' म्हणून वावरली. भारतीय प्रेक्षकाला तिची ठेवण अनोळखी वाटू नये.

या पद्धतीचे यश नाकारता येत नाही. खऱ्या शस्त्राला वजन असते आणि ते नटाच्या हालचालीत उतरते. परंतु या बंदुकांतून रंगीत प्रकाश सुटतो, माणसे रक्ताविना कोसळतात. शस्त्राची विश्वसनीयता घेतली जाते, त्याचा परिणाम मात्र वगळला जातो.

प्रकाशखड्गाचे उदाहरण अधिक बोलके आहे. अधिक सुसंस्कृत काळाचे शस्त्र असे त्याचे वर्णन चित्रपटात येते. ल्यूक स्कायवॉकरच्या खड्गाची मूठ ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशपासून केलेली आहे. उदात्त शस्त्राचे मूळ शस्त्रेतर वस्तूत असावे, हा अर्थपूर्ण संकेत ठरला असता. परंतु ओबी-वान केनोबीच्या मुठीत पहिल्या महायुद्धातील रायफल ग्रेनेडचा भाग आहे. येथे निवड आकाराची आहे, अर्थाची नाही.

'एलियन्स' : इतिहासासह आकार
जेम्स कॅमेरॉन यांच्या चित्रपटातील पल्स रायफलच्या कवचाआड दुसऱ्या महायुद्धात वापरलेली थॉम्प्सन सबमशीनगन व रेमिंग्टन शॉटगन आहे. सैनिकांनी अंगावर वागविलेली 'स्मार्टगन' जर्मन एमजी-४२ वर आधारलेली असून कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या भुजेवर पेललेली आहे. सैनिकांची वागणूक व्हिएतनाम युद्धाचे स्मरण करून देते. शस्त्रसज्ज, आत्मविश्वासाने भरलेली ही तुकडी तंत्रज्ञान नसलेल्या शत्रूपुढे उद्ध्वस्त होते. नव्या कवचातील जुनी बंदूक येथे कथेचेच सूत्र सांगते : शस्त्राचे रूप पालटले, त्यावरील आंधळा विश्वास तसाच राहिला. अर्थात, अखेरीस नायिका रिप्ली पल्स रायफल व अग्निज्वालक एकत्र बांधून निघते, तेव्हा याही चित्रपटाला शस्त्राचा मोह टाळता आलेला नाही.

निष्कर्ष
दोन्ही चित्रपटांनी एकच तंत्र वापरले; फरक दृष्टीत आहे. पहिल्यात मूळ शस्त्राचा इतिहास आकारामागे लोपतो, दुसऱ्यात तो आशयाला बळ देतो. कल्पित शस्त्र किती आकर्षक आहे, एवढ्यावर समीक्षेने थांबू नये. मूळ शस्त्राने माणसांचे काय केले, याची आठवण चित्रपट ठेवतो की पुसतो, हा निकष अधिक महत्त्वाचा मानावा लागेल.