पाप आले, न्याय मागे राहिला

मराठीत ‘पाप’ हा शब्द बहुधा हिशेबाचा आहे. कृत्य घडते, ते खात्यावर चढते. दान, तीर्थ, प्रायश्चित्त यांनी फिटते. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील मांडणी वेगळी आहे. तेथे पाप ही कृत्याआधीची मानवी अवस्था आहे. यहुदी असो वा परका, शास्त्र जाणणारा असो वा न जाणणारा, देवाच्या न्यायासनापुढे सारे एका रांगेत उभे. या शिकवणीत दोन गोष्टी आहेत, सर्वांचे पाप आणि सर्वांचा न्याय. मराठीत येताना या दोहोंचा प्रवास सारखा झाला नाही, असे माझे प्रतिपादन आहे.

पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांचा. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा पहिला भाग सृष्टी आणि आदम-एवेच्या पतनापासून जुन्या कराराची कथा सांगतो, दुसरा ख्रिस्तचरित्र. पुराणाच्या घाटात पाप ही वंशाची कथा झाली आणि मराठी श्रोत्याला ती ऐकता आली. जलप्रलयाच्या कथेमुळे तेथे शासन करणारा देवही दिसतो.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओवीऐवजी अभंग निवडला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. वारकरी परंपरेत स्वतःला ‘पतित’ म्हणवणारा भक्त आणि ‘पतितपावन’ देव आधीच होते. पापाच्या जाणिवेला त्यामुळे मराठीत घर मिळाले. पण पंढरीचा देव न्यायाधीश नाही, माउली आहे. टिळकांचा ख्रिस्तही बहुधा माउली, गुरू, सखा होऊन येतो. मराठी ख्रिस्ती कवितेची ही मोठी कमाई आहे. तिची किंमत एवढीच की, न्यायासन मागच्या ओळीत गेले.

ही किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी आमच्या मराठवाड्यातच थांबावे. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. शेषाद्री जन्माने ब्राह्मण. तेथे आलेली कुटुंबे प्रामुख्याने मांग-महार समाजातील. ‘सर्व पापी आहेत’ हे वाक्य दोघांनी ऐकले. ब्राह्मणासाठी ते सोवळे सोडणे होते. जन्मतःच विटाळ ठरवलेल्याला त्यात दोन अर्थ लागू शकत होते. एक, मला दूर ठेवणाराही माझ्याच रांगेत आहे. सोयराबाईंनी, विटाळातूनच सगळे देह घडतात तर शुद्ध कोण, असे विचारले होते. तोच हा सूर. दुसरा अर्थ कडू आहे. जुन्या डागावर आणखी एक डाग.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दुसऱ्या अर्थावर बोट ठेवले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या धर्मांतरितांच्या स्थितीवरील निबंधात ते म्हणतात की, अस्पृश्याचे पतन भोवतालच्या समाजरचनेमुळे झाले हे सांगण्याऐवजी मिशनऱ्यांनी ते पापामुळे झाले असे शिकवले. आधी पूर्वकर्म, आता आदमाचे पाप. सुटका कुठेच नाही.

हा आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला आलेल्या मुली रडून आपली पापे कबूल करू लागल्या. त्यांत विधवा होत्या, दुष्काळातून वाचलेल्या होत्या. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनीच पश्चात्ताप करावा? एक उत्तर असे की, कबुली देणारी व्यक्ती स्वतःच्या आयुष्याची जबाबदार ठरते आणि या मुलींना तो मान क्वचितच कोणी दिला होता. उत्तर खरे आहे, पण अर्धे. त्यांच्यावर अन्याय करणाऱ्यांची कबुली कोण घेणार?

इथे मागे राहिलेला न्याय आठवतो. जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणाऱ्यांवर आमोस संदेष्टा देवाचा कोप उच्चारतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम निवाडा होतो, तो भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र दिले की नाही यावर. या ठिकाणी न्याय ही दुबळ्याला दाखवलेली भीती नाही, ती त्याची फिर्याद आहे. पाप सर्वांचे असले तरी जाब सारखा नाही. ज्याच्या हाती सत्ता, त्याला अधिक द्यावा लागतो. न्यायाशिवाय शिकवलेले पाप मात्र पीडिताच्याच गळ्यात पडते.

तरीही बाबासाहेबांचा प्रश्न उरतोच. अखेरच्या दिवसावर ढकललेला न्यायही आजच्या अन्यायाला सोयीचा ठरू शकतो. त्यांनी याच शहरात १९५० साली महाविद्यालय उघडले आणि १९५६ साली आदिपापाची कल्पनाच नसलेला बुद्धाचा मार्ग स्वीकारला. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासकाने हा निर्णय त्या साहित्यावरील टीका म्हणूनही वाचला पाहिजे. टिळकांच्या अभंगांची गोडी त्यामुळे कमी होत नाही. आमोसाचा आवाज मराठीत अजून पुरता उमटलेला नाही, एवढे मात्र कळते.