भग्न पाषाणवस्तू आणि संग्राहकाचा अधिकार

प्राचीन पाषाणवस्तूंचा संग्रह करणाऱ्यांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. हाती आलेली वस्तू भंगलेली असेल, तर तिचा गेलेला भाग नव्याने घडवून ती पूर्ण करावी, की आहे तशीच ठेवावी? वरवर पाहता हा प्रश्न अभिरुचीचा वाटतो. ज्याला पूर्णत्व आवडते त्याने वस्तू पूर्ण करावी, ज्याला भग्नावशेषांचे आकर्षण आहे त्याने ती तशीच ठेवावी, अशी तडजोडही काही जण सुचवितात. वस्तुतः हा प्रश्न अभिरुचीचा नसून पुराव्याचा आहे, आणि पुरावा ही संग्राहकाची खाजगी मालमत्ता नव्हे. या दृष्टीने विचार करण्यास नाशिकचा परिसर विशेष उपयुक्त आहे; कारण पुराश्मयुगीन हत्यारांपासून सातवाहनकालीन लेण्यांपर्यंत आणि तेथून आजच्या नांदत्या देवस्थानांपर्यंत या प्रश्नाची सर्व अंगे येथे थोडक्या अंतरात पाहावयास मिळतात.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. 'दुरुस्ती' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या क्रिया लपलेल्या असतात. वस्तूची पुढील झीज थांबविणे हे जतन. तिचेच तुटलेले तुकडे परस्परांशी जुळवून एकत्र ठेवणे ही सांधणी. जो भाग उपलब्धच नाही तो कल्पनेने घडवून जोडणे ही पूर्ती. पहिल्या दोन क्रिया वस्तूजवळ जे आहे त्याविषयी असतात. तिसरी जे नाही त्याविषयी असते. वाद होतो तो तिसरीविषयी, परंतु तिचे समर्थन मात्र बहुधा पहिल्या दोहोंच्या नावाने केले जाते.

या घोळात 'जीर्णोद्धार' या शब्दाने भर घातली आहे. आपल्या परंपरेत खंडित मूर्ती पूजेस अयोग्य मानली जाते. तिचे विसर्जन करावे किंवा विधिपूर्वक तिच्या जागी नवी मूर्ती स्थापन करावी, असा संकेत आहे. त्यामागील तर्क स्वच्छ आहे. पूजेला देवतेचे सांग रूप हवे असते, आणि मूर्तीचे वय किंवा घडणीचा काळ हे तिथे गौण ठरतात. परंतु संग्रहातील मूर्ती देवघरातून बाहेर आलेली असते. तिच्याकडून आता पूजाविधीची नव्हे, साक्षीची अपेक्षा असते. देवालयाचा शब्द उसना घेणाऱ्या संग्राहकावर देवालयाचे कर्तव्य मात्र नसते, आणि म्हणून त्या शब्दाने मिळणारा अधिकारही त्याला पोहोचत नाही.

पाषाणहत्यारांचे उदाहरण या बाबतीत सर्वांत निर्णायक आहे. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या घट्ट झालेल्या वाळूगोट्यांच्या थरांत पुराश्मयुगीन हत्यारे सापडली. ह. धी. सांकलिया यांनी गोदावरीच्या या हत्यार-उद्योगावरील आपला प्रबंध १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केला, आणि महाराष्ट्राच्या प्रागितिहासाच्या अभ्यासाला त्यातून निश्चित आधार मिळाला. अशा एखाद्या हातकुऱ्हाडीचे टोक तुटलेले असेल, तर ते तुटणे ही त्या वस्तूच्या चरित्रातील एक घटना असते. हत्यार घडविताना चुकीचा आघात बसून ते मोडले, वापरताना मोडले, पुराच्या लोंढ्यात गोट्यांवर आदळून मोडले, की अलीकडे नांगराच्या फाळाने मोडले, हे भंगाच्या पृष्ठभागावरून पुष्कळदा ओळखता येते. दख्खनच्या काळ्या पाषाणावर दीर्घकाळ साचलेली धूसर किंवा तपकिरी साय जुन्या भंगावर आढळते. ताज्या भंगावर दगडाचा मूळ काळा रंग दिसतो. ज्याने त्या भंगावर राळेचे टोक बसविले, त्याने हा सर्व मजकूर पुसून टाकला. रशियन पुरातत्त्वज्ञ सेम्योनोव्ह यांचा हत्यारांवरील वापराच्या खुणांविषयीचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाल्यापासून तर हत्याराच्या धारेवरील सूक्ष्म ओरखडे, झिलई आणि टवके हेच अभ्यासाचे मुख्य साधन झाले आहे. धार सारखी करणे म्हणजे अशा हत्याराची जबानीच बंद करणे होय.

याहून सूक्ष्म धोका ताम्रपाषाणयुगीन पात्यांच्या बाबतीत संभवतो. नाशिक आणि जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननांचा सांकलिया व शां. भा. देव यांचा वृत्तांत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या संस्कृतीला पुढे जोर्वे हे नाव मिळाले, तिच्या वसाहतींत कॅल्सेडोनीची लहान, समांतर धारांची पाती विपुल सापडतात. अशी पाती अनेकदा हेतुतः तोडून त्यांचे तुकडे लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत एकापुढे एक बसविले जात. म्हणजे येथे जो तुकडा दिसतो तोच पूर्ण अवयव असतो. त्याला 'मोडके पाते' समजून कोणी लांबविले, तर एक पूर्ण वस्तू नष्ट होईल आणि कधीही अस्तित्वात नसलेली दुसरी निर्माण होईल. भग्न काय आणि पूर्ण काय हे आधीच ठाऊक आहे, असे गृहीत धरणे ही पूर्तीची मूळ चूक आहे. ते ठरविणे हेच तर संशोधनाचे काम असते.

क्षती हाच इतिहास कसा असू शकतो, याचा सर्वांत बोलका दाखला याच जिल्ह्यात मिळाला. तो पाषाणाचा नसून धातूचा आहे. परंतु त्याचा तर्क येथे पूर्णपणे लागू पडतो. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले होते. कारागिराच्या दृष्टीने ही नाणी बिघडलेली होत. नहपानाचा मुखवटा त्यांवर विद्रूप झाला आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र नहपानाच्या सत्तेचा गौतमीपुत्राने केलेला उच्छेद याच विद्रूपतेने सिद्ध केला. एखाद्या हौशी संग्राहकाने वरचा ठसा घासून खालचा मुखवटा 'मूळ रूपात' आणण्याचा उद्योग केला असता, तर त्याच्या हाती एक देखणे नाणे आले असते आणि इतिहासाच्या हातून एक राज्यक्रांती निसटली असती.

पांडवलेण्यांतही हीच गोष्ट दगडात पाहावयास मिळते. दहाव्या लेण्यात, ज्याचा संबंध नहपानाच्या घराण्याशी येथील शिलालेखांनी जोडला आहे, मागील भिंतीवरील उठावाच्या स्तूपाचे पुढील काळात भैरवाच्या मूर्तीत रूपांतर झाले. गौतमी बलश्रीच्या लेखाने प्रसिद्ध असलेल्या तिसऱ्या लेण्यात तसा स्तूप अद्याप शाबूत असल्याने दोहोंची तुलना करता येते. आता दहाव्या लेण्याचे 'मूळ रूप' कोणते? पहिल्या शतकातील स्तूप पुन्हा उभा करावयाचा, तर भैरव नाहीसा होतो. आणि भैरवाबरोबर या लेण्याचा नंतरचा सगळा वहिवाटीचा इतिहासही नाहीसा होतो. मूळ रूपाकडे परतण्याची इच्छा ही पुष्कळदा एका काळाच्या बाजूने दुसऱ्या काळाविरुद्ध दिलेला निकाल असते. तो देण्याचा अधिकार लेण्याच्या बाबतीत कोणा एकास नाही; मग घरातील फडताळात ठेवलेल्या मूर्तीच्या बाबतीत तो कोठून आला?

पूर्तीच्या बाजूने जे सांगितले जाते ते अगदीच निराधार नाही. सामान्य प्रेक्षकाला हातपाय तुटलेल्या मूर्तीतून देवतेची ओळख पटत नाही. आयुधे आणि मुद्रा नसल्यावर मूर्तिशास्त्राचा बोधही अपुरा राहतो. पूर्ण आकृती डोळ्यांपुढे आली, तर शिल्पीच्या रचनेतील तोल कळतो. हे आक्षेप मान्य केले तरी त्यांतून वस्तूवरच काम करण्याची आवश्यकता सिद्ध होत नाही. पूर्ण आकृती रेखाचित्रात दाखविता येते, साच्यातून काढलेल्या प्रतिकृतीवर घडविता येते, आणि आज तर संगणकावरील त्रिमित प्रतिमेत तिची अनेक पर्यायी रूपे शेजारी शेजारी मांडता येतात. प्रतिकृतीवर केलेली चूक उद्या सुधारता येते. मूळ वस्तूवर केलेली चूक वस्तूचाच भाग होऊन बसते.

ही भीती काल्पनिक नाही. रोममध्ये १५०६ साली सापडलेल्या लाओकोऑनच्या शिल्पसमूहाचा उजवा हात नव्हता; पूर्ती करणाऱ्यांनी तो वर ताठ उभारला, आणि कित्येक पिढ्यांनी त्या ताठ हातावरून प्राचीन कलेतील वीररसाविषयी मते बनविली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूळ हात सापडला. तो डोक्यामागे मुडपलेला होता, आणि त्याने सगळ्या आकृतीचा भावच बदलला. ईजिना बेटावरील मंदिराची शिल्पे १८१६ ते १८१८ या काळात थोरवाल्डसेन या नामांकित शिल्पकाराने पूर्ण केली. नवे अवयव नीट बसावेत म्हणून मूळ भंगाचे पृष्ठभाग तासून सपाट करण्यात आले. १९६० च्या दशकात म्यूनिक येथे ते नवे अवयव काढून टाकण्यात आले, तरी तासलेले भंग पूर्ववत् झाले नाहीत. थोरवाल्डसेनसारख्या कलावंताची ही कथा, तर बाजारातील कारागिराची काय असेल? याउलट अथेन्सहून आणलेल्या पार्थेनॉनच्या शिल्पांची पूर्ती करण्याची विनंती कॅनोव्हाने नाकारली, हे त्याच्या कीर्तीला अधिक शोभणारे ठरले.

द्रव्यांचा विचारही येथे आवश्यक आहे. सिमेंटमधील क्षार दगडात उतरतात आणि ओलावा कमीजास्त होताना त्याचा पृष्ठभाग फोडतात. लोखंडी खिळा गंजला की फुगतो आणि ज्या दगडाला धरून ठेवण्यासाठी तो घातला त्यालाच तडा देतो. पार्थेनॉनवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातलेले लोखंडी सांधे पुढे काढून तेथे टायटॅनियम वापरावे लागले, ते याच कारणाने. जी राळ पुन्हा विरघळविता येत नाही, ती सांध्यासाठी वापरणे म्हणजे पुढील अभ्यासकाला दार बंद करणे होय. तज्ज्ञाने केलेल्या सांधणीत पुन्हा सोडविता येईल असे चिकटद्रव्य वापरले जाते, आणि त्याची नोंद ठेवली जाते. खाजगी दुरुस्तीत बहुधा या दोन्ही गोष्टींचा अभाव असतो.

या प्रश्नाला बाजाराचीही एक बाजू आहे. पूर्ण वस्तूला भग्न वस्तूपेक्षा किंमत अधिक येते, आणि न सांगितलेली पूर्ती व बनावट वस्तू यांच्यातील अंतर फार थोडे असते. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७६ पासून अंमलात आला. त्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची निर्यात खाजगी व्यक्तींना बंद केली, व्यापाऱ्यांना परवाना आवश्यक केला आणि पाषाणमूर्तींसारख्या वस्तूंच्या नोंदणीची तरतूद केली. परंतु नोंदणीतील छायाचित्र ज्या वस्तूचे आहे, ती वस्तूच नंतर बदलली, तर त्या नोंदणीला अर्थ राहत नाही. भंगाची रेषा ही चोरीस गेलेल्या मूर्तीची ओळख पटविणारी खूण असते. मूळ जागी उरलेला पाय आणि दूरच्या संग्रहातील धड यांचे नाते त्या रेषेनेच जुळते. ती रेषा बुजविणारा संग्राहक, त्याची इच्छा असो वा नसो, चोराच्या सोयीचे काम करतो.

तथापि 'हात लावूच नये' हे टोकही तितकेच चुकीचे आहे. पापुद्रे सुटणारा दगड पावसात ठेवून त्याला प्रामाणिकपणा म्हणता येत नाही. नांदत्या देवस्थानांचा प्रश्न तर निराळाच आहे. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर काढण्यात आले, आणि नवरात्रात भाविकांना देवीचे निराळे रूप दिसले. तेथे मूर्तीला पूजकवर्ग आहे, व्यवस्थापन आहे, परंपरेचा आणि तज्ज्ञांचा परस्परांवर वचक आहे. निर्णय चुकला तरी तो सर्वांच्या देखत चुकतो. संग्राहकाच्या खोलीत असा कोणताही वचक नसतो. ज्याच्या कृतीला साक्षीदार नाही, त्याने अधिक संयम पाळावयास हवा, कमी नव्हे.

१९२३ मध्ये जॉन मार्शल यांनी जतनाच्या कामासाठी लिहिलेल्या नियमपुस्तिकेत, आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेत, वास्तूंपुरते हेच तत्त्व मांडले गेले: अंदाजाला सुरुवात होते तेथे हात आवरावा. ते जंगम वस्तूंना लावण्यात कोणतीही तात्त्विक अडचण दिसत नाही. संग्राहकाने वस्तू सुरक्षित ठेवावी. तिचेच तुकडे हाती असतील तर ते जाणत्या हातून, पुन्हा सोडविता येतील अशा रीतीने सांधावेत. काय केले, केव्हा केले, कोणत्या द्रव्याने केले हे लिहून ठेवावे. आणि जे हरवले आहे ते हरवलेलेच राहू द्यावे. नाशिक परिसरातील अनेक छोटे खाजगी संग्रह आज कोणत्याही सूचीत नाहीत. त्यांतील वस्तू पूर्ण करण्यापेक्षा त्यांची स्थळनोंद पूर्ण करणे हे शतपट निकडीचे काम आहे, आणि ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. कोणत्या शेतात, कोणत्या ओढ्याच्या काठी, कोणाच्या हातून वस्तू मिळाली, ही माहिती संग्राहकाबरोबर नष्ट होते. दगडाचा तुटलेला हात ही हानी काळाने केलेली आहे. हरवलेली स्थळनोंद ही मात्र आजच्या पिढीने केलेली हानी ठरेल, आणि ती कोणत्याही राळेने भरून निघणार नाही.